शेतघराच्या वादात गड्याची खोली

शेतजमिनीवर घर बांधू द्यावे की नाही, यावर महाराष्ट्रात अधूनमधून जो वाद पेटतो त्यात दोनच पक्षांचा आवाज ऐकू येतो. एक पक्ष विचारतो की जमीन माझी, सातबारा माझा, मग माझ्या मळ्यात घर बांधताना मी तहसील कार्यालयाचे उंबरे का झिजवावेत? दुसरा पक्ष मुळशी, मावळ, कर्जत, अलिबागकडे बोट दाखवतो आणि बजावतो की शेतघराच्या नावाखाली भातखाचरे बुजवून पोहण्याचे तलाव झाले, परवानग्या आणखी सैल केल्या तर उरलीसुरली शेतीही शनिवार-रविवारच्या पाहुण्यांच्या स्वाधीन होईल. अकृषिक परवानगीचे नियम बदलले की दोन्ही बाजू पुन्हा तेच बोलतात. दोघांच्या डोळ्यांसमोर असलेले घर मात्र मालकाचेच असते. त्याच शेतात बारा महिने राहणारा, रात्री वीज आली की मोटार चालू करणारा, गाय विणार असली की जागणारा सालगडी आणि त्याची बायको-पोरे या वादात कुठेच नाहीत. माझे म्हणणे असे, की शेतावर राहून काम करणाऱ्याच्या घराला मालकाच्या शेतघराहून वेगळी, सोपी आणि कामाशी बांधलेली परवानगी मिळाली पाहिजे. आणि काम सुटले म्हणून त्या घरातून एका रात्रीत बाहेर काढले जाणार नाही, अशी हमीही तिच्यासोबतच आली पाहिजे. हमीशिवाय परवानगी दिली तर ती मजुराला धोक्याची आहे, आणि परवानगीशिवाय हमी दिली तर ती कशाची हमी, हाच प्रश्न उरेल.

यात मी नवे काही मागतो आहे असेही नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची आहे. तिने ‘शेत इमारत’ कशाला म्हणावे हे पहिल्याच प्रकरणात सांगून ठेवले आहे: औजारे, खत आणि वैरण ठेवण्यासाठी, शेतमाल साठवण्यासाठी, गुरांच्या निवाऱ्यासाठी, आणि धारकाचे कुटुंबीय, नोकर किंवा कुळे यांना राहण्यासाठी शेतजमिनीवर उभारलेले बांधकाम. म्हणजे शेतातल्या नोकराचे घर हा शेतीच्या व्यवस्थेचा भाग आहे, हे कायद्याने जवळजवळ साठ वर्षांपूर्वीच मान्य केले. पण मान्य केले ते मालकाची सोय म्हणून. बांधण्याचा हक्क जमीनधारकाचा; राहणाऱ्याने काही मागण्याची त्यात तरतूद नाही. शहरांभोवतीच्या पट्ट्यात आणि प्रादेशिक योजनांच्या हद्दीत संहितेचे कलम ४१ जोत्याच्या क्षेत्रफळावर कमाल मर्यादा घालते, राहत्या बांधकामासाठी १५० चौरस मीटर, आणि धारण, म्हणजे धारकाची जमीन, ०.४ हेक्टरहून (सुमारे एका एकराहून) लहान असेल तर परवानगीच नाकारते. मालकाचे घर आणि गड्याचे घर यांना ही एकच पट्टी लागते. घर किती मोठे नसावे याची चिंता कायद्याने केली, पण नोकराची खोली किती लहान नसावी, तिला संडास असावा की नाही, याची केली नाही. मग मालकाने १५० चौरस मीटर स्वतःच्या बंगल्यासाठी वापरले आणि गड्याला विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत ठेवले, तर नियम कुठे मोडला?

ही मोटारीची खोली एकदा आत शिरून पाहावी. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत, जुन्नर-शिरूरकडच्या उसाच्या मळ्यांत, मराठवाड्यातल्या विहिरींच्या काठावर ती सगळीकडे सारखीच असते. विटांच्या भिंती, वर पत्रा, वाऱ्याने उडू नये म्हणून पत्र्यावर दगड. एका भिंतीवर स्टार्टरची पेटी, उघडी वायर आणि फ्यूज. कोपऱ्यात खताच्या गोण्या, मोरचुदाची पिशवी, फवारणीचा पंप, औषधांच्या अर्ध्या बाटल्या. त्यांच्याच वरच्या दोरीवर पोरांचे कपडे आणि शाळेचे दप्तर, कारण खाली ओल असते. चूल बाहेर, तीन दगडांवर. पावसाळ्यात तीच चूल आत येते, औषधांच्या शेजारी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, तेव्हा हातमोजे, मुखपट्टी आणि बनावट औषधे यांवर पुष्कळ चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. फवारून आलेला माणूस रात्री कुठे झोपतो, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा कोणी विचारला नाही.

म्हणून ‘शेतावर मजुरांची वस्ती होऊ द्यावी का’ हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. वस्ती झालेलीच आहे. शेतीच्या वाहिनीवर थ्री-फेज वीज रात्रपाळीला येते तिथे पाणी भरायला रात्री माणूस लागतो. दिवसा वीज देणाऱ्या सौर वाहिन्या वाढत आहेत, पण सगळीकडे अजून पोहोचलेल्या नाहीत. कुक्कुटपालनाच्या शेडमध्ये पिल्लांची पहिली रात्र आणि द्राक्षाच्या घडात पाणी उतरल्यानंतरची प्रत्येक रात्र राखणीची असते. ही कामे गावातून सायकलवर येऊन होत नाहीत. परवानगी न देऊन आपण माणसाला तिथे राहण्यापासून रोखत नाही. तो राहतो त्या जागेला घर होण्यापासून तेवढे रोखतो.

आता विरोधी बाजूचे सर्वांत बळकट मुद्दे घेऊ, कारण ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पहिला मुद्दा पळवाटेचा. ‘मजूर निवास’ असा नवा प्रकार काढला की उद्या प्रत्येक नकाशावर दोन मजूर निवास दिसतील आणि प्रत्यक्षात तिथे शहरातले पाहुणे मुक्कामाला उतरतील, ही भीती खरी आहे. आपल्याकडे कागदावरची गोशाळा प्रत्यक्षात लग्नाचे लॉन निघू शकते, हे कोणाला माहीत नाही? पण या भीतीवर उपाय शोधणारे आपण पहिले नाही. इंग्लंडने १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने विकासाचा हक्क जमिनीच्या मालकीपासून तोडला आणि मोकळ्या रानात एकटे घर बांधणे जवळजवळ बंद केले. त्या बंदीला जे थोडे अपवाद आजही टिकून आहेत त्यांतला एक ग्रामीण कामगाराच्या घराचा आहे: कामाच्या जागी किंवा तिच्याजवळ कायम राहण्याची अत्यावश्यक गरज सिद्ध झाली तरच.

सिद्ध कशी करायची, तेही तिथे बारकाईने ठरवले गेले. २००४ सालच्या धोरणपत्रिकेच्या परिशिष्टात दोन कसोट्या होत्या. एक कामाची: रात्री-अपरात्री, तातडीने, माणूस तिथे असल्यावाचून जनावरांचे किंवा पिकाचे नुकसान होते का? दुसरी पैशाची: हा शेतीधंदा किमान तीन वर्षे चालू आहे का, त्यातले एक तरी वर्ष नफ्याचे होते का? धंदा नवा असेल तर पक्के घर नाही. आधी तीन वर्षे चाकांवरच्या घरात राहा, शेती खरोखर उभी राहते का ते दाखवा, मग या. आणि घर मिळाले तरी त्याला अट चिकटते, की इथे राहणारा मुख्यतः त्या परिसरातल्या शेती किंवा वनकामात असावा, किंवा शेवटचे काम त्याने त्यातच केलेले असावे, किंवा अशा माणसाची विधवा, विधुर, आश्रित असावा. अट जागेसोबत जाते, मालक बदलला तरी सुटत नाही. त्यामुळे असे घर बाजारात कमी किमतीला जाते आणि नेमक्या त्याच कारणाने सट्टेबाजाला त्यात रस उरत नाही. फसवणूक तिथेही झाली. सरे परगण्यातल्या एका शेतकऱ्याने गवताच्या गंज्यांआड चक्क बुरुजांचे घर बांधले, चार वर्षे कोणी हरकत घेतली नाही तर ते नियमित होते या तेव्हाच्या तरतुदीवर भिस्त ठेवून २००६ साली गंज्या हटवल्या, आणि न्यायालयांत वर्षानुवर्षे हरत शेवटी २०१६ मध्ये ते पाडले. पण तिथे कोणी असे म्हटले नाही की एकाने गंजीआड किल्ला बांधला, म्हणून यापुढे गुराख्यालाही घर नको. आपल्याकडे वाद नेमका त्या वळणाने जातो. बंगलेवाल्याला अडवायचे म्हणून नियम कडक होतात. बंगलेवाला वकील आणि वास्तुविशारद घेऊन त्यातून सुटतो, आणि अडकतो तो एकरभर द्राक्षबाग असलेला शेतकरी, ज्याला गड्यासाठी दोन खोल्या बांधायच्या होत्या.

इंग्लंडची व्यवस्था उचलून आणावी असे मी म्हणत नाही. तिथे एका फार्मवर शेकडो एकर असतात आणि नफा-तोट्याचे हिशेब लेखापाल लिहितो. आपल्या दोन एकराच्या शेतकऱ्याकडे नफ्याची तीन वर्षांची कागदपत्रे मागणे म्हणजे नवी खाबूगिरी सुरू करणे होय. घ्यायची ती गोष्ट एवढीच, की परवानगी कोणाची जमीन आहे यावर न देता तिथे कोणते काम आहे यावर देता येते. पीकपाहणी आहे, विहिरीची नोंद आहे, कोंबड्यांचे शेड आणि गोठा डोळ्यांना दिसतो. तलाठ्याने, आताच्या भाषेत ग्राम महसूल अधिकाऱ्याने, एकदा येऊन पाहिले तर इथे रात्री माणूस लागतो की नाही हे त्याला कळायला परिशिष्ट लागत नाही.

दुसरा मुद्दा सोयीसुविधांचा आहे आणि मला तो पळवाटेपेक्षा अवघड वाटतो. घरे विखुरली की रस्ता, दिवा, पाणी, शाळा सगळेच महाग होते. मजुराला रानात ठेवण्यापेक्षा गावठाणात घरकुल द्यावे. तिथे शेजार आहे, अंगणवाडी आहे, ग्रामसभा आहे. उसाच्या पट्ट्यात बिबट्या अंगणात येतो तिथे तर एकटी वस्ती म्हणजे जिवाशी खेळ. हे सारे बरोबर आहे, आणि गावठाणातल्या घरकुलाला पर्याय म्हणून मी मळ्यातली खोली मागत नाही. पण घरकुलाला जागा लागते आणि भूमिहीनाकडे तीच नसते. जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची अर्थसाहाय्य योजना आहे, घरकुलापुरता तुकडा विकता यावा म्हणून अलीकडे तुकडेबंदीच्या नियमांतही वाट काढली आहे, पण विकणारा हवा ना? शिवाय मराठवाड्यातून किंवा सुरगाणा-पेठहून निफाडला आलेल्या कुटुंबाचे घरकुल मंजूर झालेच, तर ते त्याच्या गावी होते. काम इकडे असते. वर्षातले दहा महिने तो जिथे राहतो तिथे त्याला कागद नाही, म्हणून घरगुती विजेचा मीटर नाही आणि ग्रामपंचायतीच्या लेखी तो त्या गावचा कोणी नाही. बिबट्याचे म्हणाल, तर पत्र्याच्या खोलीला दार नसणे आणि संडास उसाच्या फडात असणे, यानेच तो धोका वाढतो. पक्की भिंत, बंद होणारे दार, दारात दिवा आणि लागून संडास ही बिबट्याप्रवण भागात चैन म्हणायची का?

तिसरा मुद्दा मात्र असा आहे की तो मांडणाऱ्यांशी माझे भांडण होऊच शकत नाही. मजुराला मालकाच्या आवारात राहायला लावणे हे वेठबिगारीचे पहिले पाऊल आहे, असे शेतमजुरांत काम करणारे सांगतात. उचल मालकाची, धान्य मालकाच्या शब्दावर दुकानातून, आणि आता छप्परही मालकाचे. काम सोडायचे म्हटले की घर सुटते, घर सुटू नये म्हणून काम सुटत नाही. इंग्लंडमध्ये नोकरीशी बांधलेल्या अशा घरांविरुद्ध शेतमजुरांच्या संघटनेने कित्येक दशके लढा दिला, कारण म्हातारपणी किंवा अपघातानंतर कामाबरोबर घरही जात असे. १९७६ सालच्या शेतीभाडे कायद्याने ते थांबवले. ठरावीक काळ शेतात काम केलेल्या कामगाराला त्या घरात राहण्याचे संरक्षण मिळाले, आणि नव्या कामगारासाठी मालकाला घर खरोखर हवे असेल, तर जुन्याला दुसरीकडे घर मिळवून देण्याचा शक्य तो प्रयत्न करण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर आली. आपल्याकडे १९५१ च्या मळेकामगार कायद्याने चहा-कॉफीच्या मळ्यांवर राहणाऱ्या कामगाराला घर देणे मालकावर बंधनकारक केले. पण घर नोकरीलाच बांधलेले राहिल्याने मळा बंद पडला की लाइनीतल्या, म्हणजे कामगारांच्या वस्तीतल्या, घरांचे काय, हा प्रश्न अजून सुटत नाही. तेव्हा धोका खरा आहे. मात्र बिगारीची मुळे उचलीत आणि हकालपट्टीच्या भीतीत असतात, भिंतीच्या विटांत नसतात. मोटारीच्या खोलीत राहणारा सालगडी आज अधिक मोकळा आहे का? त्याला तर घालवून देताना कुलूप लावण्याचीही गरज पडत नाही.

राहिली शेतकऱ्याची भीती, जी चारचौघांत कोणी बोलत नाही पण पारावर बसले की पहिली तीच निघते: आज खोली दिली तर उद्या कूळ लागेल. जुन्या मुंबई राज्याच्या भागात १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाने कसणारा कूळ मालक झाला, आणि ती आठवण तीन पिढ्यांनंतरही सातबाऱ्याच्या प्रत्येक रकान्याला चिकटून आहे. भीती समजण्यासारखी आहे, तरी कायद्याच्या कसोटीवर ती बहुतांशी टिकत नाही. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्यानेच रोख किंवा धान्यरूप मजुरी घेणाऱ्या नोकराला आणि मालकाच्या देखरेखीखालील मजुराला मानीव कुळाच्या व्याख्येबाहेर ठेवले आहे. पिकाच्या वाट्यावर काम करणाऱ्याची गोष्ट वेगळी, आणि वाट्याने कांदा किंवा भाजीपाला लावण्याची पद्धत वाढते आहे तिथे मालकाने सावध राहणे स्वाभाविक आहे. पण तो प्रश्न वाट्याच्या कराराचा आहे, खोलीचा नाही.

याच कायद्यात एक विलक्षण उलटी गाठ बसली आहे, तिच्याकडे कोणाचे लक्ष नाही. कुळाने स्वतःच्या खर्चाने मालकाच्या जागेवर घर बांधले असेल तर त्याला तिथून काढता येत नाही, आणि हे संरक्षण कलम १८ ने गावातल्या शेतमजुरांच्या व कारागिरांच्या राहत्या घरांनाही दिले. हेतू उत्तम होता. परिणाम असा, की शहाणा मालक मजुराला स्वतःच्या खर्चाने कधीच बांधू देत नाही, आणि मालकाने बांधलेल्या खोलीला ते संरक्षण लागू होत नाही. म्हणून मजूर घालील तो पैसा पत्र्याच्या वर जात नाही, आणि मालक घालील तो मोटारीच्या वर. गोव्याने १९७५ च्या मुंडकार कायद्याने आणि केरळने भूसुधारणा कायद्यातल्या कुडिकिडप्पुकारांच्या तरतुदीने वेगळी वाट धरली: भाटकाराच्या किंवा जमीनदाराच्या जागेत राहणाऱ्याला राहते घर आणि भोवतालची थोडी जागा विकत घेण्याचाच हक्क दिला. पिढ्यानपिढ्या तिथे राहिलेल्यांसाठी ते न्याय्य होते. पण साल संपले की मळा बदलणाऱ्या, दर दोन-तीन वर्षांनी तालुका बदलणाऱ्या आजच्या गड्याला त्या जागेची मालकी नको आहे. त्याला तिथे आहे तोवर माणसासारखे राहायचे आहे. मालकीचे आश्वासन दिले तर पहिल्याच दिवशी मालक खोली पाडील. म्हणून मी मालकी मागत नाही, आणि ती मागणारे मित्र यावर नाराज होतील हे जाणून मागत नाही.

परवानगीचा आकार मग असा असावा: धारण एकराहून लहान असली तरी चालेल, पण क्षेत्रफळ बंगल्याला अपुरे पडेल इतके, ग्रामीण घरकुलाला किमान २५ चौरस मीटर धरतात, त्याच्या दीडपट पुरे. संडास, न्हाणी आणि स्वयंपाकाचा ओटा असल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला नाही. औषधे आणि स्टार्टर दुसऱ्या खोलीत. शेतकामावरील व्यक्तीखेरीज कोणी राहणार नाही ही अट सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात, म्हणजे जमीन विकली तरी खरेदीदाराला ती दिसेल. आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, मालकाच्या नावापुढे भोगवटादार म्हणून राहणाऱ्याचे नाव, ‘शेतकामगार, मालकी हक्क नाही’ अशा स्पष्ट शेऱ्यासह, जेणेकरून मालकाची झोप उडणार नाही आणि मजुराला रहिवासाचा कागद मिळेल.

खर्च कोण करणार, असे विचारले जाईल. राज्यात २०२१ पासून शरद पवार ग्राम समृद्धी योजनेतून गाई-म्हशींचा गोठा, शेळ्यांचे शेड, कोंबड्यांचे शेड बांधायला रोजगार हमीतून पैसा मिळतो. कांदाचाळीला, शेततळ्याला, शेडनेटला अनुदान आहे. महसूल संहितेने औजारे, वैरण, गुरे आणि नोकर एकाच व्याख्येत बसवले, पण अनुदान देताना गुरांपर्यंत येऊन आपण थांबलो. गोठ्याला जेवढे देतो तेवढे त्या खोलीला दिले, तर तिजोरी बुडेल असे कोणी गांभीर्याने म्हणू शकेल काय?

हकालपट्टीच्या मुदतीबाबत एकच बारीक पण आवश्यक गोष्ट. मराठवाडा-विदर्भात सालगड्याचे साल गुढीपाडव्याला संपते आणि त्याच दिवशी नव्याचे ठरते. पाडवा येतो मार्च-एप्रिलमध्ये, पोरांच्या वार्षिक परीक्षांच्या तोंडावर. जुन्या गड्याने पाडव्याला खोली रिकामी करायची, तर त्याची मुलगी परीक्षेला बसणार कुठून? तेव्हा कायद्यात ‘तीन महिन्यांची नोटीस’ एवढे मोघम लिहून भागणार नाही. ज्या कुटुंबातले मूल जवळच्या शाळेत पटावर आहे त्याला शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत, म्हणजे मे महिन्यापर्यंत, खोली सोडावी लागू नये. आणि नव्या गड्यासाठी मालकाची तेवढ्या काळापुरती अडचण होते हे मान्य करून त्या महिन्यांपुरती तात्पुरत्या शेडची परवानगी त्याला आपोआप मिळावी, तहसीलदारांकडे न जाता.